वेब्स्टर म्हणजे कोष्टीण!

कल्पना करा, दुपारच्या वेळी दाराची कडी वाजली. तुम्ही दार उघडलंत, तर समोर एक भारदस्त, मिशाळ गृहस्थ. हात जोडून म्हणतात, "नमस्कार, मी गणपतराव कोष्टीण." हसू आवरेल का तुम्हाला? 'कोष्टी' हे आडनाव आपल्या चांगल्या परिचयाचे. लोहार, सुतार, सोनार, शिंपी, कुंभार हीही तशीच. पण कोष्टीण? लोहारीण? बाप्याच्या नावामागे बाईचा प्रत्यय लागलेला कधी ऐकलाय का आपण?

पण मैत्रिणींनो, इंग्लंड-अमेरिकेत असे कितीतरी श्रीयुत 'कोष्टीण' राजरोस हिंडत असतात आणि त्यांना कोणी हसत नाही. त्यांच्यापैकी एक तर तुमच्या घरातसुद्धा असण्याचा संभव आहे! मुलांच्या अभ्यासाच्या कपाटात जाडजूड इंग्रजी शब्दकोश असेल तर त्याच्या पाठीवरचे नाव वाचून बघा. 'वेब्स्टर' असेल तर झालं, हेच ते आपले कोष्टीण.

गंमत नव्हे, अगदी खरे सांगते. हजार वर्षांपूर्वीच्या जुन्या इंग्रजीत विणणाऱ्या पुरुषाला 'वेब्बा' म्हणत आणि विणणाऱ्या बाईला 'वेब्बेस्त्रे'. आपल्याकडे माळीची माळीण, परटाची परटीण, तेल्याची तेलीण होते, तसाच तिकडे 'एस्त्रे' हा बाईमाणसाचा प्रत्यय होता. त्यात एक बारीक पण महत्त्वाचा फरक आहे, तो नीट लक्षात घ्या हं. आपली परटीण ही बहुधा परटाची बायको. तिकडची वेब्बेस्त्रे म्हणजे विणकराची बायको नव्हे. ती स्वतः विणणारी. नवऱ्याचा धंदा काहीही असो, नाव पडायचे ते तिच्या हातातल्या कामावरून.

आणि ही एकटी नाही बरं का. तिच्या बहिणी पुष्कळ आहेत. बॅक्स्टर हे आडनाव ऐकले असेल, ती पाव भाजणारी. ब्रूस्टर म्हणजे घरी एल गाळणारी. केम्प्स्टर लोकर विंचरणारी. सँगस्टर गाणारी. १९६१-६२ साली इंग्लंडचा क्रिकेट संघ घेऊन भारतात आलेले कप्तान टेड डेक्स्टर तुमच्या घरातल्या वडीलधाऱ्यांना आठवत असतील. त्यांचे आडनाव म्हणजे चक्क रंगारीण! गुळण्या करायच्या लिस्टरीनला ज्यांचे नाव दिले, त्या शल्यविशारद जोसेफ लिस्टर यांच्या आडनावाचा अर्थही रंगाऱ्याचाच, आणि शेवटचा प्रत्यय पुन्हा तोच. कापड विणणे, रंगवणे, लोकर विंचरणे, भाकर भाजणे, पेय गाळणे ही सारी कामे त्या काळी कोणाच्या हातात होती, ते या नावांवरून आपोआप कळते.

विणकामाचेच घ्या. त्या काळचा माग आपल्या हातमागासारखा आडवा नसे. भिंतीला टेकवून उभी केलेली एक चौकट, तिच्या वरच्या दांडीवरून ताण्याचे धागे खाली सोडलेले, आणि ते ताठ राहावेत म्हणून टोकांना मातीची भाजलेली वजने बांधलेली. विणणारी उभ्यानेच काम करायची आणि आडवा धागा खालून वर ठोकत न्यायची. इंग्लंडच्या सफोक परगण्यात वेस्ट स्टो या जागी जुन्या वस्तीचे उत्खनन झाले, तिथे अशी मातीची वजने सापडली आहेत. त्या काळातल्या बायकांच्या थडग्यांत चातीला लावायच्या चकत्या मिळतात. पुरुषाबरोबर भाला पुरायचा आणि बाईबरोबर चाती, अशी रीत. कायद्याच्या भाषेतही हेच. ८९९ साली वारलेल्या आल्फ्रेड राजाच्या मृत्युपत्रात वडिलांकडच्या नात्याला 'भाल्याची बाजू' आणि आईकडच्या नात्याला 'चातीची बाजू' म्हटलेले आहे. जमीन शक्यतो भाल्याच्या बाजूलाच जावी, हेही त्यात ओघाने आलेच. ते काही आपल्याला नवे नाही!

मग गणित कुठे बदलले? तर नवा माग आला तेव्हा. साधारण अकराव्या-बाराव्या शतकापासून आडवा, पायांनी चालवायचा माग इंग्लंडात पसरू लागला. त्यावर बसून काम करता येई, हात मोकळे राहत, कापड लांबलचक निघे आणि कितीतरी झपाट्याने निघे. घरच्यापुरते विणण्याऐवजी बाजारासाठी विणणे सुरू झाले. पैसा दिसू लागला, आणि पैसा दिसल्याबरोबर घरातले पुरुष मागावर येऊन बसले. शहरांत त्यांचे संघ झाले. लंडनच्या विणकर संघाला दुसऱ्या हेन्री राजाने ११५५ साली सनद दिली. तिथल्या व्यवसाय-संघांमध्ये ही सर्वांत जुनी मानतात.

बायका कामातून गेल्या असे मात्र समजू नका. एका मागाला पुरेल इतके सूत कातायला कितीतरी हात लागतात. ते हात बायकांचेच होते. लोकर धुणे, विंचरणे, कातणे, कांड्या भरणे हे सगळे त्यांच्याकडे राहिले. फक्त मागावरची जागा आणि कापडाचे पैसे पुरुषाकडे गेले. आपल्याकडे येवल्याच्या किंवा सोलापुरच्या विणकरांच्या घरात ज्या डोकावल्या असतील त्यांना हे चित्र वेगळे सांगायला नको.

आता १४६१ सालची एक हकिकत ऐका. ब्रिस्टल शहराच्या विणकरांनी एक नियम करून घेतला, की कोणीही विणकराने आपल्या बायकोला, मुलीला किंवा मोलकरणीला मागावर बसवू नये. कारण काय दिले असेल? बायकांचे काम वाईट होते? नाही. त्यांनी फसवाफसवी केली? तीही नाही. कारण असे, की बायका माग चालवतात म्हणून पुरुष बेकार फिरतात, आणि हेच पुरुष उद्या लढाईत राजाच्या कामी यायचे आहेत! त्या सुमारास इंग्लंडात राजगादीसाठी यादवी चालू होती, म्हणून हे बोलणे खपलेही असेल. पण त्या नियमाचे शेपूट बघा. ज्या विणकरांच्या बायका त्या वेळी आधीच माग चालवत होत्या, त्यांना सूट दिली. म्हणजे घरोघरी बायका विणतच होत्या, आणि उत्तम विणत होत्या. नाहीतर आपल्याच घरचा तोटा होईल या भीतीने असली सूट कोण ठेवतो हो?

ब्रूस्टरबाईंची कथा थोडी निराळी आणि जास्त घरगुती. 'एल' हे सातूचे पेय त्या काळी इंग्लंडात रोज सगळ्यांच्या ताटाशी असे, मुलाबाळांच्यासुद्धा. ते चार-दोन दिवसांत आंबून वाया जाई, त्यामुळे थोडेथोडे आणि पुन्हापुन्हा करावे लागे. घरात जास्त झाले की बाई दाराबाहेर एक काठी किंवा झाडूसारखा झुपका बांधून ठेवायची. ती खूण बघून गिऱ्हाईक यायचे. आपल्याकडे घरोघरी पापड-लोणची करून चार पैसे गाठीला बांधतात, तसेच हे. तेराव्या शतकापासून एलच्या भावावर आणि मापावर सरकारी नियम होते, आणि ते मोडल्याचे दंड गावच्या दप्तरात लिहिले जात. त्या दप्तरांत बायकांची नावे भरून वाहताहेत! दंडामुळे का होईना, नावे राहिली. पुढे १४०० च्या सुमारास समुद्रापलीकडच्या सखल देशांतून हॉप्स घालून केलेली बिअर आली. ती टिके, दूर नेता येई. म्हणजे मोठी भांडी, मोठे भांडवल, कर्ज, करार. विवाहित बाईला आपल्या नावावर कर्ज मिळायचे नाही. पुढचे तुम्हीच ओळखा.

आता तुमच्या मनात प्रश्न आला असेल, की बाईचा प्रत्यय पुरुषाच्या आडनावात आला कसा? त्याचे उत्तर भाषेत आहे. विणणे पुरुषाचे झाले, पण उत्तरेकडच्या आणि पूर्वेकडच्या भागात जुना शब्द तसाच राहिला. तिथे लोक विणणाऱ्या पुरुषालाही 'वेब्स्टर' म्हणू लागले. ऐकता ऐकता कान सरावले आणि त्या प्रत्ययातले बाईपण विसरले गेले. स्कॉटलंडात तर पाववाल्यांच्या संघाचे नाव बॅक्स्टरांचा संघ, विणकरांच्या संघाचे नाव वेब्स्टरांचा संघ, आणि आत सगळे पुरुष. नाव कोष्टीण आणि ओठावर मिशा! मग खऱ्या बाईला काय म्हणायचे ही पंचाईत आली. तेव्हा फ्रेंचांकडून 'एस' हा प्रत्यय उसना आणून तो जुन्यावरच चिकटवला. शिवणारीला 'सीम्स्ट्रेस' म्हणतात ना, त्यात बाईचे दोन प्रत्यय एकापुढे एक बसले आहेत. लुगड्यावर लुगडे नेसल्यासारखे.

म्हणूनच आज एखाद्या वेब्स्टर घराण्याने "आमची मूळ पुरुष एक बाई होती" असे छातीठोकपणे सांगू नये. असेलही, नसेलही. आडनावे ज्या काळात पक्की झाली तो काळच असा संधिप्रकाशाचा होता. १०६६ साली नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकले, त्यानंतर आधी जमीनदारांनी आणि मग हळूहळू सामान्यांनी बापाचे आडनाव मुलाला चालवायला सुरुवात केली. १४०० पर्यंत बहुतेक घरांत आडनाव स्थिर झाले होते. उत्तरेत थोडे उशिराने. १३७७, १३७९ आणि १३८१ या तीन साली माणशी डोईपट्टी बसवली गेली, तिच्या याद्या आडनावांचा शोध घेणाऱ्यांना सोन्यासारख्या वाटतात. कारण कधी कधी त्यांत नावाबरोबर धंदाही लिहिलेला सापडतो. सरकारने कर वसूल करण्यासाठी केलेली यादी सहाशे वर्षांनी अशी उपयोगी पडते!

नकाशावर बघाल तर आणखी मजा आहे. विणकरांची तीन आडनावे इंग्लंडात पडली. दक्षिणेकडे वेब, नैर्ऋत्येला डेव्हन-सॉमरसेटकडे वेबर, आणि मध्य व उत्तर भागात, यॉर्कशर-लँकेशरात आणि पुढे स्कॉटलंडात वेब्स्टर. अर्थ एकच. आडनाव ऐकून जाणकाराला मूळ गाव कुठल्या अंगाला असेल याचा अंदाज बांधता येतो, जसा आपल्याला 'कर' ऐकल्यावर बांधता येतो.

आईच्या नावावरून पडलेली आडनावेही आहेत, तीही सांगून टाकते. इबॉट हे इझाबेलचे लाडके नाव. त्यावरून इबॉटसन, म्हणजे इबॉटचा मुलगा. मेगचा मुलगा तो मेगसन. मेरीवरून मॅरियट, एमावरून एमॉट. पूर्वी लोक नाक मुरडून म्हणत, की बापाचा पत्ता नसेल म्हणून आईचे नाव लागले. तसेच काही नसे. आई विधवा असेल आणि घर तीच चालवत असेल, किंवा जमीन तिच्या माहेरची असेल, तर मुलाला तिच्या नावाने ओळखणे अगदी साहजिक होते. आपल्याकडे खेडोपाडी "हा काशीबाईचा नातू" असेच सांगतात की.

एवढे असूनही लग्न झाल्यावर बाईचे स्वतःचे आडनाव मात्र गेले. इंग्लंडच्या कायद्याने नवरा-बायको मिळून एकच व्यक्ती मानली जाई, आणि ती एक व्यक्ती म्हणजे नवरा. तिची कमाई त्याची, तिचे सामान त्याचे. १८७० आणि १८८२ च्या कायद्यांनी ही गाठ सैल केली, तोवर हेच. विल्यम कॅम्डन या पंडिताने १६०५ सालीच लिहून ठेवले आहे, की आमच्याकडे बायका लग्नानंतर नवऱ्याच्या नावात जातात. फ्रान्स आणि नेदरलंड्समध्ये मात्र मोठ्या घरच्या बायका आपलेही नाव राखतात. स्कॉटलंडातसुद्धा विवाहित बाईचे माहेरचे आडनाव कायदेशीर कागदांवर आणि थडग्याच्या दगडावर टिकून राहिले. म्हणजे नाव बदलणे हा काही जगाचा नियम नव्हता. एका देशाची ती रीत होती, आणि त्या देशाचे राज्य जिकडे गेले तिकडे कागदपत्रांबरोबर तीही गेली.

बहिणींत सर्वांत दुर्दैवी कोण म्हणाल, तर 'स्पिन्स्टर'. शब्दशः सूत कातणारी. हे आडनाव म्हणून फारसे रुजलेच नाही. कातणे हा प्रत्येक बाईचा उद्योग, त्यात ओळख ती कसली! पण सतराव्या शतकात कायद्याच्या कागदांत अविवाहित स्त्रीच्या नावापुढे 'स्पिन्स्टर' लिहिण्याची पद्धत पडली, आणि हळूहळू स्वतःच्या कष्टावर पोट भरणारीचे नाव हे 'लग्न न जमलेली' या टोमण्यात बदलले. आपल्याकडच्या १८७२ च्या भारतीय ख्रिस्ती विवाह कायद्याला जोडलेल्या नमुन्यातही वधूसाठी हाच शब्द छापलेला आहे. इंग्लंडने २००५ साली विवाहनोंदीतून तो काढला. आता वधू आणि वर दोघांनाही 'सिंगल' म्हणतात.

हां, शब्दकोशवाल्या वेब्स्टरांकडे वळते, नाहीतर ते रुसतील. नोआ वेब्स्टर यांचा जन्म १७५८ सालचा, अमेरिकेतल्या कनेटिकट प्रांतातला. आणि योगायोग बघा, त्यांचे वडील शेती करत आणि जोडीला मागही चालवत! आडनाव पडून चार-पाच शतके लोटली, समुद्र ओलांडला, तरी माग सुटला नव्हता. मुलाला येल कॉलेजात धाडण्यासाठी वडिलांनी शेत गहाण टाकले. त्या मुलाने पुढे १८२८ साली, वयाच्या सत्तराव्या वर्षी, सुमारे सत्तर हजार शब्दांचा कोश दोन खंडांत काढला. अमेरिकेत काही शब्दांची स्पेलिंगे इंग्रजांपेक्षा सुटसुटीत झाली, त्यात यांचा मोठा वाटा. (आपला मोल्सवर्थांचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ चा, म्हणजे जेमतेम तीन वर्षांनी धाकटा.) १७८९ साली त्यांनी रिबेका ग्रीनलीफ हिच्याशी लग्न केले. माहेरचे 'हिरवे पान' टाकून ती 'विणकरीण' झाली. आठ मुलांची आई होऊन इतक्या वर्षांच्या कोशाच्या पसाऱ्यात संसार हाकणाऱ्या या बाईचे नाव कोशाच्या पाठीवर नाही, पण विणकरणीचे आहे, हे माझ्या मनातून काही जात नाही.

आपले नाव ठेवीन म्हणणाऱ्या बायकांना काय सोसावे लागले, त्याची दोन उदाहरणे. अमेरिकेच्या लूसी स्टोन यांनी १८५५ साली लग्नानंतरही माहेरचे नाव राखले. १८७९ साली मॅसॅच्युसेट्समध्ये बायकांना शाळा-समितीच्या निवडणुकीत मत मिळाले, तेव्हा त्या नाव नोंदवायला गेल्या. नवऱ्याचे आडनाव लावा, तरच नोंद, असे उत्तर मिळाले. त्यांनी मतावर पाणी सोडले, पण नाव सोडले नाही. दुसऱ्या हेलेना नॉर्मंटन, इंग्लंडमध्ये बॅरिस्टरी करणाऱ्या पहिल्या बायकांपैकी. १९२४ साली त्यांना माहेरच्या नावाने पासपोर्ट मिळाला. विवाहित ब्रिटिश स्त्रीला तो तसा पहिल्यानेच मिळत होता.

आपल्याकडे तर तांदळाच्या ताटात अंगठीने नाव लिहून पाळण्यातले नावही बदलायची रीत. तेव्हा हसण्यापूर्वी एक करून बघा. आज जेवणे आटोपली की घरातल्या थोरल्या बाईला विचारा, "तुमच्या आईचे माहेरचे आडनाव काय? आणि आजीचे?" आईचे पटकन सांगतील. आजीपाशी बहुतेक जणी थबकतात. जे मिळेल ते मुलांच्या जन्मपत्रिका ठेवता त्या वहीत तारखेसह टिपून ठेवा. गाव, धंदा, घरातले कोणते काम त्या हाताला चांगले यायचे, हेही. पुरुषांची वंशावळ शोधायला जुनी दप्तरे तरी असतात.

इंग्लंड-वेल्समध्ये १८३७ पासून विवाहाच्या दाखल्यावर वधूच्या आणि वराच्या वडिलांचे नाव व व्यवसाय लिहीत. आईचा उल्लेखच नसे. तो रकाना घालायला २०२१ साल उजाडावे लागले. त्या वर्षीच्या ४ मेपासून दोघांच्या आयांची नावे लिहिता येतात. २०२४ साली महाराष्ट्र शासनानेही शासकीय कागदपत्रांवर आधी स्वतःचे नाव, मग आईचे, मग वडिलांचे आणि शेवटी आडनाव असा क्रम ठरवला. तिकडच्या नव्या दाखल्यात आईच्या नावाशेजारी तिचा व्यवसायही लिहितात. एखाद्या वधूची आई खरोखरच माग चालवत असेल, तर तिथे आता 'वीव्हर' असे लिहिले जाईल. हा शब्द बाईला आणि बाप्याला सारखाच चालतो.